अनुभव धागा: चिखलात, पाण्यात, धुळीत रोज वापरायचा छोटा कॅमेरा

चिखलवाट:

खिशात मावेल, पाण्यात पडला तरी चालेल आणि हातातून सुटला तर उचलून पुढे वापरता येईल असा कॅमेरा कुठला घ्यावा, ही विचारणा अधूनमधून होतेच. आणि दर वेळी गाडी 'किती मीटर खोल चालतो' इथेच अडकते. रोजच्या वापरात तो आकडा फार थोड्यांच्या कामी येतो असं माझं मत आहे. ओले हात, धूळ, थंडी, खारं पाणी, आपटाआपटी आणि बॅटरी-कार्डाच्या झाकणाच्या आतलं ते एक रबरी सील, खरा कस तिथे लागतो.

बाजाराचं थोडक्यात: निकॉनचा डब्ल्यू३०० (३० मीटर), पॅनासोनिकचा एफटी७ (३१ मीटर), फुजीचा एक्सपी१४० (२५ मीटर) हे आता बहुतेक वापरलेलेच मिळतात. नव्यात मुख्यतः दोन घराणी उरलीत. एक ओएम सिस्टिमचा टीजी-७, म्हणजे २०२३ साली आलेला जुन्या 'ऑलिंपस टफ'चा वारस. दुसरी रीको आणि पेंटॅक्सची डब्ल्यूजी मालिका.

तुम्ही कशासाठी घेतला, त्याने काय काय सोसलं, कुठे कमी पडला, ते लिहा. नुसतं 'मस्त आहे, घेऊन टाका' नको, तेवढं जाहिरातही सांगते.

विटावाळू:

मी बांधकामावर असतो. स्लॅब भरायच्या आधी सळईचं जाळं, दोन सळयांमधलं अंतर, सळईखाली ठेवायचे ठोकळे (कव्हर ब्लॉक), सगळ्याचे फोटो काढावे लागतात. एकदा काँक्रीट ओतलं की ते पुन्हा दिसत नाही आणि उद्या वाद झाला तर फोटोच बोलतो. हातात मोजे, मोज्यांवर सिमेंटचं पाणी. फोनचा पडदा अशा वेळी दाद देत नाही. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की दाबलं.

माझ्याकडे डब्ल्यूजी-८० आहे. लेन्सभोवती सहा छोटे एलईडी आहेत. पाइपाच्या तोंडाशी किंवा भिंतीतल्या खाचेत धरला की आतलं स्वच्छ दिसतं. फ्लॅश मात्र इथे बंदच ठेवतो. हवेत धूळ असली की फोटोभर पांढरे गोळे येतात, आणि ज्यांना माहीत नसतं ते भिंतीवर बुरशी आली का विचारतात.

संध्याकाळी नळाच्या बारीक धारेखाली धुतो. जोराची धार नाही. झाकणाच्या बिजागरीत गेलेलं सिमेंट वाळायच्या आत काढायचं, नंतर ते खरवडावं लागतं आणि खरवडणं आलं की झाकणाच्या रबरी सीलला धक्का लागलाच. फोटो सुंदर येतात का? नाही येत. मोजपट्टीवरचा आकडा वाचता येतो, माझं काम झालं.

दोघांची_आई:

आमच्याकडे हा मुलांचा कॅमेरा आहे. मी फक्त झाकण उघडते, ते काम मुलांकडे नाही.

'इतक्या उंचीवरून पडला तरी काही होत नाही' हे वाचताना एक गोष्ट बघा. डब्ल्यूजी-८०ला १.६ मीटर लिहिलंय, टीजी-७ला २.१ मीटर. रीको तर स्पष्टच सांगते की चाचणी ५ सेंटिमीटर जाड प्लायवूडवर घेतली आहे. आपल्या पायाखाली फरशी असते, दगड असतात, जिन्याची कड असते. आमचा जिन्यावरून गेलाय, कोपऱ्याचा रंग उडाला, चालतोय. पण जोरात आपटल्यावर मी तो लगेच पाण्यात नेऊ देत नाही. बाहेरून ठीक दिसला तरी झाकण सूतभर हललेलं असू शकतं.

आणखी एक, लेन्स कोपऱ्यात असते. लहान बोटं बरोब्बर तिथेच जातात. निम्म्या फोटोंत एक गुलाबी ढग आहे.

तळठाव:

पाण्यातलं मी सांगतो.

आधी खोली. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट. स्नॉर्केलिंग करणारा माणूस बहुतेक वेळ पहिल्या दोन-चार मीटरमध्ये असतो. टीजीचे १५ मीटर किंवा डब्ल्यूजी-८०चे १४ मीटर त्याला रग्गड झाले. ३० मीटरचा जुना कॅमेरा शोधत बसण्यात अर्थ नाही. टाकी लावून खोल जाणाऱ्याने मात्र कॅमेऱ्याच्या भरवशावर न राहता वेगळं हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायची पाणबंद पेटीच घ्यावी.

दुसरं, रंग. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. काही मीटर खाली गेलं की लाल मासा मातकट दिसतो आणि सगळं निळं-हिरवं होतं. कॅमेऱ्यात पाण्याखालचा मोड असतो, तो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल सावरतो, पण जो प्रकाश पोचलाच नाही तो कुठून आणणार? म्हणून जवळ जा. झूम करू नका. तुमच्या आणि माशाच्या मध्ये जितकं कमी पाणी, तितका फोटो चांगला. गढूळ पाण्यात समोरून फ्लॅश मारला तर प्रत्येक कण चमकतो. टीजीला पुढे लावायचा, फ्लॅशचा उजेड पसरवणारा डिफ्यूझर मिळतो, अगदी जवळच्या फोटोंना त्याचा खरंच उपयोग होतो.

तिसरं, हे कॅमेरे बुडतात. अर्थ असा की तरंगत नाहीत, तळाशी जातात. फुगीर फोमचा पट्टा लावा, आणि तो भडक रंगाचा घ्या. काळा पट्टा पाण्यात शोधून दाखवा.

समुद्रातून आल्यावरचा क्रम ठरलेला आहे: झाकण बंद ठेवूनच गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवायचा, पाण्यातच सगळी बटणं दाबायची, बाहेर काढून झटकायचा, कापडाने टिपायचा, सावलीत वाळवायचा. मगच उघडायचा. बटणं दाबायची कारण खारं पाणी त्यांच्या फटीत बसतं आणि वाळलं की मिठाचे खडे होतात. बटण आत जातं, बाहेर येत नाही.

मोबाइलच_बरा:

थोडा विरोधी सूर लावतो. मी वापरून विकला.

या कॅमेऱ्यांतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा. आजच्या चांगल्या फोनमधला मुख्य सेन्सर याहून मोठा असतो, वर फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन जोडतो. संध्याकाळनंतर घरातला फोटो दोन्हींनी काढून शेजारी ठेवा, मला काही बोलावंच लागणार नाही. टीजीची लेन्स एफ/२ आहे (आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) हे खरं, पण ते रुंद टोकाला. झूम पूर्ण केला की एफ/४.९. आणि फोनला आयपी६८ हे धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन असतंच की. मग दुसरं धूड कशाला?

चिखलवाट:

@मोबाइलच_बरा, रात्रीच्या फोटोबद्दल सहमत, वाद नाही. आयपी६८बद्दल मात्र जरा थांबा. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ८ म्हणजे एक मीटरहून जास्त पाण्यात बुडवून चाचणी केली आहे. किती खोल आणि किती वेळ, ते कंपनी ठरवते. चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली. समुद्र आणि साबणाचं पाणी टाळा असं बरेच फोन बनवणारे स्वतःच लिहितात. शिवाय पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही आणि पावसात थेंबांनाच बोटं समजते. फोनमध्ये माझं निम्मं आयुष्य आहे, तो मी ओढ्यावर काढणार नाही. कॅमेरा गेला तर कॅमेरा गेला.

शेवाळवेडी:

मी पाण्यासाठी घेतलाच नव्हता, तरीही माझा कायमचा कॅमेरा हाच.

टीजीमध्ये मायक्रोस्कोप मोड आहे. लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तू फोकस होते. ओल्या दगडावर पालथं पडून शेवाळाच्या देठांवरची इवली बोंडं बघा. नुसत्या डोळ्यांना हिरवी लव दिसते, पडद्यावर एकेका बोंडाच्या टोकाला टोपी दिसते, टोपीवर थेंब, आणि थेंबात उलटं आकाश. मावा चिकटलेली कोवळी फांदी घ्या, माव्याचे पाय मोजता येतात.

अडचण अशी की इतक्या जवळ फोकसची जाडी कागदाएवढी. डोळा स्पष्ट आला तर पाय पुसट. त्यावर कॅमेऱ्यातच फोकस स्टॅकिंग आहे: तो फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घेतो आणि आतल्या आत जोडून एक देतो. किडा हलला तर जोडणी फसते, सकाळी थंडाव्यात किडे सुस्त असतात तेव्हा जमतं. दुसरी अडचण म्हणजे सावली. कॅमेरा इतका जवळ येतो की त्याचीच सावली पडते. टीजीला एक लाइट गाइड मिळतो, कॅमेऱ्याच्या एलईडीचा उजेड लेन्सभोवती वळवणारं गोल कडं. बॅटरी लागत नाही, वजन नाही. कॅमेरा घेणार असाल तर तेही सोबत घ्याच. डब्ल्यूजीमध्ये एलईडी आधीच आहेत, तो त्यांचा मोठा गुण.

@मोबाइलच_बरा, फोनचा मॅक्रोही (अगदी जवळून काढायचा फोटो) बघितलाय हो. एक तर फोन आडवा दगडाच्या फटीत शिरत नाही, आणि चिखलात टेकवायचा धीर होत नाही.

हिमगार:

थंडीचं लिहायला आलो. −१० अंशांपर्यंत चालतो असं लिहिलेलं असतं आणि कॅमेरा चालतोही, पण बॅटरी लवकर मान टाकते. जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची. टीजीमधलं जीपीएस आणि वाटेची नोंद ठेवणारं लॉग वापरून झालं की आठवणीने बंद करा, कॅमेरा बंद असला तरी लॉग बॅटरी खात राहतं. उबदार तंबूत शिरताना कॅमेरा पिशवीत बांधूनच आत आणा, म्हणजे दव पिशवीवर बसतं.

स्क्रूड्रायव्हर:

कॅमेरे दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या 'पाणी गेलं' कॅमेऱ्यांत काच फुटलेला क्वचितच असतो. पाणी झाकणातूनच आलेलं असतं. झाकणाच्या आत बोटाएवढ्या जागेत रबराची बारीक कड आहे, सगळा खेळ तिच्यावर. तिच्यावर एक केस आडवा पडला, वाळूचा एक कण बसला, की तिथे वाट झाली. केस दिसत नाही, म्हणून उजेडात तिरपा धरून बघा. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने कड पुसा. टूथपिक, पिन, नख नको. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर ग्रीसही नको, ग्रीसला धूळ चिकटते. रबर कालांतराने कडक होतं. बहुतेक कंपन्या साधारण वर्षाने सील बदलून घ्यायला सांगतात, आणि ते न केल्यास पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. वाचतं कोण!

आता धुकं. 'पाणी गेलं नाही, पण लेन्सच्या आत वाफ धरते' ही तक्रार सारखी येते आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. झाकण लावताना जी हवा आत कोंडली, तिच्यात जेवढी आर्द्रता होती तेवढी आतच राहिली. दमट किनाऱ्यावर कार्ड बदललं, झाकण लावलं, थंड पाण्यात उडी मारली. काच गार पडली, आतली वाफ काचेच्या आतल्या बाजूला जमली. पुसणार कसं? म्हणून बॅटरी आणि कार्ड निघण्यापूर्वी कोरड्या खोलीतच बदला आणि दिवसभर झाकणाला हात लावू नका. ठेवताना सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा. धुकं धरलंच तर कोरड्या जागी झाकण उघडून ठेवा, बहुतेक वेळा आपसूक जातं. हेअर ड्रायर मारू नका, उष्णतेने सीलचा आकार बिघडतो. बंद गाडीत काचेखाली तापत ठेवलेल्या कॅमेऱ्याचंही तेच होतं. गरम पाण्याचे झरे, साबण, शाम्पू यांपासूनही लांब ठेवा.

फोटोच्या कडा जरा पुसट का येतात असं विचारतात, तेही सांगतो. या कॅमेऱ्यांची लेन्स बाहेर येत नाही, कारण बाहेर येणारी नळी सीलबंद ठेवणं कठीण. म्हणून आत प्रिझम लावून प्रकाश काटकोनात वळवतात आणि भिंगं शरीराच्या आत उभी बसवतात. लेन्स कोपऱ्यात असते तीही त्यामुळेच. एवढ्याशा जागेत भिंगं बसवायची म्हणजे कुठेतरी तडजोड आलीच.

हेल्मेटवाला:

सायकल आणि व्हिडिओ एवढंच करायचं असेल तर ॲक्शन कॅमेरा घ्या. गोप्रोचे नेहमीचे हीरो मॉडेल केसशिवाय १० मीटर चालतात. पण ऑप्टिकल झूम नाही, फ्लॅश नाही, जवळचं फोकस होत नाही. शेवाळवेडी यांचं काम त्यावर होणार नाही.

जुनंपानं:

वापरलेला घेणाऱ्यांसाठी. आधी झाकण उघडा, बॅटरीच्या पितळी टोकांवर हिरवट डाग असतील तर परत द्या. सील बोटाने हलके दाबा, भेगा किंवा चमकणारा कडकपणा दिसतो का बघा. लेन्सवरच्या काचेला ओरखडे असतील तर उन्हाकडे धरून एक फोटो काढा, कळेल. घरी आणल्यावर बॅटरी-कार्ड काढून आत कोरडा टिशू पेपर ठेवायचा, झाकण नीट बंद करून बादलीत थोडा वेळ बुडवायचा, बाहेरून पूर्ण पुसून मगच उघडायचा. टिशू कोरडा तर उथळ पाण्यापुरती खात्री. खोलीचा दाब बादलीत नसतो, हे ध्यानात असू द्या.

पाणकोंबडी:

वाचतेय, फार उपयोगी धागा. टीजी-५ किंवा ६ वापरलेला घेतला आणि ७ सोडला तर काय गमावते?

शेवाळवेडी:

@पाणकोंबडी, फोटोत जवळजवळ काही नाही. तिन्हींत १२ मेगापिक्सेल, तीच २५-१०० मिमीची लेन्स, तेच १५ मीटर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) तिन्हींत. टीजी-६चा (२०१९) पडदा ५पेक्षा बराच स्पष्ट आहे, मॅक्रोला तो फरक जाणवतो. ७मध्ये यूएसबी-सी आणि उभा व्हिडिओ आला. व्हिडिओ फारसा काढत नसाल तर ६ बघा. टीजी-५ २०१७चा आहे, तेव्हा सील बदलून घ्यायचा खर्च धरूनच भाव करा, आणि सेवा केंद्रात त्याचं सील अजून मिळतं का ते आधी फोन करून विचारा.