‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ : दर्दींचा कार्यक्रम की सोवळ्यातला?

टेम्सकाठ
स्पष्टच लिहितो. टीव्हीसमोर बसून रॉक *ऐकायचं* असतं हे ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ने शिकवलं, आणि त्यानंतर ते कुणालाच जमलेलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा रॉक संगीताचा कार्यक्रम ब्रिटनमध्ये बीबीसी टूवर २१ सप्टेंबर १९७१ ला सुरू झाला, १९८७ च्या थर्टीफर्स्टला रात्रभर चाललेल्या भागाने संपला. निर्माता माईक अ‍ॅपलटन. नाव ‘टिन पॅन अ‍ॅली’तलं, म्हणजे गाणी रचून विकणाऱ्यांच्या गल्लीतलं: नवी रेकॉर्ड आधी राखाडी गणवेशातल्या म्हाताऱ्या दरवानांना ऐकवायची, एकदोनदा ऐकून त्यांना ती शिट्टीवर वाजवता आली तर गाणं पास. सुरुवातीला बाहुलीसारखा ताऱ्यांचा माणूस यायचा, लाथ मारायचा, आणि मागे ‘एरिया कोड ६१५’ या नॅशव्हिलच्या बँडचा माउथऑर्गन. तो ऐकला की आजही मी हातातलं काम ठेवतो.

तेव्हा बीबीसी वनवर ‘टॉप ऑफ द पॉप्स’ होता. त्या आठवड्याची खपाची यादी, चमचमते कपडे, कॅमेऱ्याकडे बघत नाचणारी पोरं आणि रेकॉर्डवर ओठ हलवणारे गायक. व्हिसल टेस्टमध्ये यातलं काही नाही. प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, मागे उघड्या भिंती. निवड सिंगलवरून, म्हणजे एकदोन गाण्यांच्या तबकडीवरून नाही, एलपीवरून, म्हणजे अख्ख्या अल्बमवरून. गाणं संपलं की क्षणभर शांतता आणि मग दाढीवाला बॉब हॅरिस कुजबुजल्यासारखा बोलायचा. लोक त्याला ‘व्हिस्परिंग बॉब’च म्हणायचे.

आमच्याकडे वडील रविवारी सकाळी भीमसेनजी लावायचे आणि मधे बोललेलं खपायचं नाही. रात्री उशिरा हा कार्यक्रम लागला की मी तोच नियम घरच्यांना लावायचो. १९७३ मध्ये बॉब मार्ली आणि वेलर्स तिथे ‘काँक्रीट जंगल’ वाजवून गेले. आमच्या शाळेत रेगे, म्हणजे मार्लीचं हे जमैकन संगीत, चेष्टेचा विषय होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी चेष्टा केली नाही.

आज संगीताचा कार्यक्रम म्हणजे परीक्षकांचे अश्रू आणि मतांसाठी विनवण्या. म्हणून विचारतो, असा कार्यक्रम आता का होत नाही?

कळकट_कॉर्ड
होत नाही हे बरंच आहे.

दादा, ‘गंभीर’ रॉक म्हणजे काय हे ठरवलं कुणी? अ‍ॅपलटनसाहेबांनी आणि चारसहा दाढीवाल्यांनी. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यूयॉर्क डॉल्स या बँडची पोरं त्याच स्टुडिओत आली, लिपस्टिक लावून, उंच टाचांचे बूट घालून. ‘जेट बॉय’ वाजवलं. गाणं संपल्यावर तुमचा कुजबुजणारा बॉब गालात हसला आणि म्हणाला, ‘मॉक रॉक’, म्हणजे रॉकची नुसती नक्कल. पाहुण्याला घरी बोलवायचं आणि दारातच त्याचे कपडे काढायचे. तीन वर्षांनी ब्रिटनमध्ये पंक, म्हणजे ते रांगडं, बंडखोर रॉक उसळलं तेव्हा त्यातल्या निम्म्या पोरांचे गुरू हेच डॉल्स होते.

आणि एलपीची अट म्हणजे निव्वळ सोवळं. पंकवाल्यांकडे १९७६-७७ मध्ये होतं काय? उसने पैसे आणि एक सिंगल. एलपी नाही म्हणून टीव्ही नाही. तिकडे सबंध देशातली पोरं गिटार हातात घेत होती आणि यांच्या पडद्यावर कुणीतरी वीस मिनिटांचा सोलो घोळवत होतं.

टेम्सकाठ
हसला ते चुकलंच. पण डॉल्सना टीव्हीवर आणलं कुणी? त्याच कार्यक्रमाने. शेरा लक्षात राहिला कारण तो भाग लोकांनी बघितला. आणि १९७६ मध्ये न्यूयॉर्कची पंक गायिका पॅटी स्मिथ आली तीही बॉबच्याच काळात. ती काय सोवळ्यातली होती?

ध्वनिपेटी
भिंती आणि शांततेवर एवढं तत्त्वज्ञान चाललंय म्हणून थोडं कामाचं.

स्टुडिओचं नाव प्रेझेंटेशन बी, बीबीसीच्या टेलिव्हिजन सेंटरच्या चौथ्या मजल्यावर. आकार ३२ बाय २२ फूट. बांधला होता हवामानाचा अंदाज सांगायला आणि दोन कार्यक्रमांमधल्या निवेदनाला. त्यात ड्रम, अ‍ॅम्प्लिफायर, कॅमेरे आणि पाच केसाळ माणसं कोंबल्यावर प्रेक्षक कुठे बसवणार? टाळ्या नव्हत्या कारण टाळ्या वाजवणारे मावत नव्हते. पाठीमागच्या त्या ‘साध्या’ लाकडी फळ्या म्हणजे दुसऱ्या कार्यक्रमांच्या नेपथ्याची पाठची बाजू. पैसे नव्हते, म्हणून साधेपणा.

आणखी एक. ओठ हलवणाऱ्यांवर हसण्याआधी हे ध्यानात घ्या की पहिली दोनेक वर्षं इथेही वाद्यांचा ट्रॅक बऱ्याचदा आधी मुद्रित करून ठेवलेला असायचा आणि गळा तेवढा प्रत्यक्ष. पूर्ण वाद्यमेळ जागेवर वाजायला लागला तो १९७३ नंतर.

यात कार्यक्रमाचा अपमान नाही. त्या खोलीत गिटार इतकी कोरडी ऐकू येते की वाजवणाऱ्याला लपायला जागा उरत नाही. आम्ही हल्ली असा आवाज मिळवायला खोलीभर फोम चिकटवतो.

कळकट_कॉर्ड
म्हणजे ज्याला टेम्सकाठ साधना म्हणताहेत ती जागेची अडचण होती. धन्यवाद.

लीड्सवाली
अडचण असो नाहीतर साधना, घरात बघणाऱ्या पोरीला दोन्ही सारखंच.

पण दोघांनीही बॉब हॅरिसपाशीच गाडी थांबवलीय. पहिला निवेदक तो नव्हता, ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकाचा रिचर्ड विल्यम्स होता. आणि १९७८ मध्ये बॉब गेल्यावर अ‍ॅनी नाइटिंगेल आली. रेडिओ वनवर निवेदन करणारी पहिली बाई. तिच्या काळात पंक आणि त्याच्या पाठोपाठचं न्यू वेव्ह सरळ आत आलं. १९७९ मध्ये डॅम्ड हे पंकवाले आले आणि शेवटी सामानाची मोडतोड करून गेले! त्या वर्षी मी सोळाची. एक बाई कसलाही आव न आणता संगीतावर बोलतेय आणि मागे पोरं ड्रम लाथाडताहेत, हे मी पहिल्यांदा बघत होते. आईने विचारलं, ‘हे काय बघतेस गं?’ मी म्हटलं, ‘गंभीर कार्यक्रम आहे.’

डिसेंबर १९८० मध्ये बीटल्सवाल्या जॉन लेननची हत्या झाली तेव्हाचा खास भागही तिनेच केला. पाच वर्षं आधी, १९७५ मध्ये, बॉबने न्यूयॉर्कला जाऊन त्याच लेननची मुलाखत घेतली होती, ‘स्टँड बाय मी’ त्यात आहे. मला दोघांचेही भाग आवडतात. मात्र पुरुष मंडळी आठवणी काढतात तेव्हा कार्यक्रम १९७८ ला संपल्यासारख्या काढतात, एवढं नोंदवून ठेवते.

फिल्मचा_डबा
वादात पडत नाही, पण फिलिप जेंकिन्सनचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? बँड स्टुडिओत येऊ शकत नसेल तर हा जुन्या चित्रपटांचा वेडा माणूस आपल्या संग्रहातली काळीपांढरी रिळं आणि कार्टून काढायचा आणि एलपीतल्या गाण्यावर बसवायचा. म्युझिक व्हिडिओ अजून रुळायचा होता. मूकपटातली माणसं धावताहेत, पडताहेत, आणि मागे एखाद्या अमेरिकन बँडचं बूगी. ताल इतका चपखल बसायचा की ते गाणं रेडिओवर लागलं तरी मला अजून त्या रिळातली आगगाडीच दिसते. गंभीर म्हणवणाऱ्या कार्यक्रमातला हा सगळ्यात गमतीचा भाग होता.

पाचगणीचा_पोरगा
क्वीनचा विषय कुणी काढत नाही म्हणून मीच काढतो, हक्काने. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, ‘हेक्टिक्स’ नावाचा त्याचा पहिला बँड तिथलाच. २४ डिसेंबर १९७५ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधून क्वीनची मैफल व्हिसल टेस्टने थेट दाखवली, आणि तीच मैफल रेडिओ वनवर स्टिरिओत चालू होती. टीव्हीचे स्पीकर तेव्हा भिकार. लोक टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावायचे. बंगल्याबंगल्यातून ख्रिसमसच्या आदल्या रात्री हा उद्योग चालला असणार.

मला कार्यक्रम यूट्यूबवरच भेटला, त्यामुळे आठवणींचा दावा नाही. पण कळकटराव, त्या आठवड्यात क्वीनचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. सोवळं असतं तर त्यांना आत घेतलं असतं का?

कळकट_कॉर्ड
चांगला मुद्दा, पण उलटा पडतो. क्वीनकडे एलपी होती, ती विकली जात होती. दार एलपीवाल्यांना उघडंच होतं, मग ते कितीही झगमगीत असोत. हॉलंडचा ‘फोकस’ बँड १९७२ मध्ये तिथे वाजवून गेला आणि त्यांच्या रेकॉर्डची मागणी एकदम वाढली. म्हणजे एलपी विकायचं काम हा कार्यक्रमही करत होता. टॉप ऑफ द पॉप्स सिंगल विकायचा, हा एलपी विकायचा. एलपी महाग, म्हणून तो ‘गंभीर’.

आणि टेम्सकाठ, ती भीमसेनजींची तुलना मला पटली नाही. बैठकीत दाद असते. चांगली जागा घेतली की समोरचा ‘क्या बात’ म्हणतो आणि गवई त्यावर खुलतो. इथे बिचारे तीनशे वॅटचा आवाज काढून समोर पाहायचे, तर कॅमेरामन हेडफोन लावून उभा.

टेम्सकाठ
दादेचा मुद्दा मान्य, तो माझ्याही मनात होता. पण १९७५ मधलं लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन बँडचं ‘फ्री बर्ड’ बघा. समोर चिटपाखरू नाही, आणि दोघे गिटारवाले एकमेकांकडे बघत वाजवताहेत. दाद तिथल्या तिथे, आपसात. श्रोते असते तर ते श्रोत्यांकडे वळले असते.

एलपी महाग म्हणता, पण टीव्हीवर तेच फुकट ऐकू यायचं. मला दोन महिन्यांत एखादी घेणं परवडायचं, बाकीच्या मी तिथेच ऐकल्या.

लीड्सवाली
१९८३ मध्ये ‘ओल्ड ग्रे’ गळून नुसतं ‘व्हिसल टेस्ट’ झालं. निवेदक मार्क एलन, डेव्हिड हेपवर्थ, अँडी केर्शॉ. तोवर व्हिडिओंचा जमाना आला होता. तरी १३ जुलै १९८५ ला दुष्काळग्रस्तांच्या मदतीची लाइव्ह एड ही मैफल लंडनच्या वेम्बलीवरून घराघरात पोचवायचं ठरलं तेव्हा बीबीसीने ते काम अ‍ॅपलटन आणि याच मंडळींच्या हाती दिलं. त्या ३२ बाय २२ च्या खोलीतून वर आलेली माणसं. तेव्हा ‘चारसहा दाढीवाले’ जरा जपून, कळकट.

कळकट_कॉर्ड
जपून लिहितो. २०१८ मध्ये बीबीसी फोरने कार्यक्रम एका रात्रीपुरता परत आणला. निवेदक कोण? बॉब हॅरिस! न्यूयॉर्क डॉल्सना हसल्यावर पंचेचाळीस वर्षांनीही खुर्ची त्याचीच.

टेम्सकाठ
मग कुणाची असणार? मी जागा राहून पूर्ण बघितला.

लीड्सवाली
अ‍ॅनीची चालली असती.