माशीमार की मासेमार?

पानगळ: कर्नाळ्याच्या पक्ष्यांवर छोटी पुस्तिका मराठीत करतेय. 'टिकेल्स ब्लू फ्लायकॅचर'ला 'टिकेलचा निळा माशीमार' लिहिलं. मुद्रितशोधकांनी सगळीकडे 'मासेमार' करून पाठवलं! त्यांच्या डोळ्यांसमोर खंड्या असणार. हा जेमतेम चिमणीएवढा, पाठ निळी, छाती नारिंगी, बांबूच्या सावलीत बसणारा. मासे कुठून पकडणार? शब्द बदलू का?

तिरपागडा: माशीमार म्हटलं की मला गिऱ्हाईक नसलेला दुकानदारच दिसतो.

शुद्धमती: भाषांतरच मक्षिकास्थाने मक्षिका झालंय, अगदी शब्दशः. आणि 'मार' कशाला? चिडीमार, पाकीटमार यांच्या पंगतीत बिचारा पक्षी! सरळ 'कीटकभक्षी' म्हणा.

पानगळ: कीटकभक्षी तर वेडा राघूही. मग दोघांत फरक काय करू?

गोठण: मुद्रितशोधकांना सांगा, मासा मत्स्यावरून आलाय, माशी मक्षिकेवरून. नातं नाही. बाकी पक्षी किडे मारत नाहीत, टिपतात. फांदीवर ताठ बसायचं, झेप घेऊन हवेतच टिपायचं. 'माशीटिप्या' घ्या की.

तिरपागडा: टिप्या? पोलिसांचा खबऱ्या वाटतो.

नाचणीची भाकर: आमची आजी याला नाचण म्हणायची. नाचणी खातो म्हणून नाचण.

गोठण: अहो, नाचण निराळा. शेपटीचा पंखा उघडून नाचतो म्हणून ते नाव. तोही किडेच खातो, नाचणीला चोच लावणार नाही.

नाचणीची भाकर: तुम्ही आमच्या खळ्यात आला नव्हतात. सकाळी वाळवणाशी हजर असायचा.

गोठण: वाळवणावरच्या किड्यांसाठी असेल!

शुद्धमती: ते राहू दे, 'टिकेल' आधी काढा. सॅम्युअल टिकेल ब्रिटिश लष्करातला अधिकारी. ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञानं १८४३ साली त्या आडनावावरून नाव ठेवलं, ते आपण किती दिवस वागवायचं?

तिरपागडा: टिकेल तितके दिवस.

पानगळ: माझ्या भाचीनं खरंच तसं वाचलं, 'टिकेल, चा निळा'. बरं, माशीमार ठेवू ना? शुक्रवारी छापायला जातंय.

शुद्धमती: ठेवलंतच तर निदान 'शी' दीर्घ ठेवा. काही जण 'माशिमार' लिहितात, डोळ्यांना खुपतं.

नाचणीची भाकर: आणि खळ्याचं काय? आजी 'खळं' नाही, 'खळा' म्हणायची. तुमच्याकडे काय म्हणतात?