रि: रि: रेसट्रॅकचा रस्ता, आपली साधी एसयूव्ही चालेल का?

इर्व्हाइनकर:
नमस्कार मंडळी, थँक्सगिव्हिंगला डेथ व्हॅली नॅशनल पार्क ठरतंय, आई-बाबा नाशिकहून आलेत आणि बाबांना ते आपोआप सरकणारे दगड बघायचेच आहेत, व्हॉट्सअपवर कुणीतरी फोटो पाठवलाय. उबेहेबे क्रेटरपर्यंत (ज्वालामुखीचं विवर) डांबरी आहे असं कळलं, पुढे रेसट्रॅकपर्यंत, म्हणजे ते दगड आहेत त्या कोरड्या तळ्यापर्यंत, 27 मैल कच्चा, म्हणजे पाऊण तास धरलाय. गाडी साधी एसयूव्ही पण ऑल व्हील ड्राइव्ह. चालेल ना? मुलं पण आहेत सोबत.

टॉरन्सकर:
अरे बिनधास्त जा. आम्ही 2012 ला सेडान घेऊन गेलो होतो, काही झालं नाही. याहून मोठे खड्डे पुण्यात ऑफिसला जाताना लागायचे.

पासाडेनाकर:
टॉरन्सकर, तुमचं नशीब जोरावर होतं, ते दुसऱ्याला उसनं देऊ नका :)
इर्व्हाइनकर, तिथे प्रश्न खड्ड्यांचा नाहीच. पन्हाळी पत्रा आडवा अंथरलाय असा तो रस्ता आहे, इकडे वॉशबोर्ड म्हणतात, गाड्यांच्या चाकांनीच त्या लाटा उठतात. आमचा डॅशबोर्डवरचा गणपती दहाव्या मिनिटाला हिच्या मांडीवर येऊन बसला. हळू गेलात तर एकेक लाट मोजत जाता, जोरात गेलात तर थरथर कमी वाटते पण चाक जमिनीला धड टेकत नाही आणि वळणावर गाडी सरकते, आणि या सगळ्यात मधेमधे धारदार दगड. टायर पंक्चर होत नाही हो, कापला जातो, तोही बाजूने, आणि बाजूला कापला की पॅच नाही न प्लग नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत परत येताना याच रस्त्यावरच्या टीकेटल जंक्शनजवळ आमचा टायर गेला. तिथे पाटीला लोकांनी किटल्या टांगून ठेवल्यात (आईंना आधीच सांगा, चहा मिळत नाही). फोनला रेंज शून्य. डिकी उघडून स्टेपनी काढली तर ती ती बारकी, डोनट! तिच्यावर 20 मैल ताशी 7-8 च्या वेगाने आलो, अडीच तास, शेवटी अंधारात, दर दगडाला ही श्वास धरून बसायची. नवीन टायरसाठी दुसऱ्या दिवशी पाहरंप, म्हणजे नेव्हाडा. तेव्हा ऑल व्हीलचं कौतुक जरा बाजूला ठेवा, चारही चाकं फिरली तरी कापलेलं कापलेलंच. गाडी उंच हवी, टायर जाड हवेत आणि स्टेपनी पूर्ण मापाची. हवा थोडी उतरवली तर हादरे कमी बसतात, आम्ही 35 वरून 26 केली होती, पण फार उतरवू नका, बाजू फुगते आणि नेमकी तीच दगडाला लागते. परत भरायला छोटा काँप्रेसर ठेवा.

पाऊण तास विसरा, एका बाजूला दोन तास धरा. पार्कमधल्या फर्नेस क्रीक वस्तीपासून क्रेटरलाच तास-सव्वा तास जातो, आणि नोव्हेंबरअखेर साडेचारला सूर्य गेलेला असतो. टाकी फुल करूनच निघा, पुढे पंप नाही. टो ट्रक आलाच तर बिल हजारांत. भाड्याची गाडी नेणार असाल तर करारात कच्चा रस्ता चालतो का बघा, बहुतेक ठिकाणी नाही.

व्हॅलेन्सियाकर:
पासाडेनाकर काकांना +1. अजून एक, निघायच्या दिवशी सकाळी पार्कच्या साइटवर रस्त्यांची स्थिती बघ रे. 20 ऑगस्ट 2023 ला हिलरी वादळाच्या उरल्यासुरल्या पावसाने फर्नेस क्रीकला एका दिवसात 2.2 इंच पडला, तिथला वर्षभराचा पाऊस एका दिवसात म्हण ना, आणि अख्खं पार्क 15 ऑक्टोबरपर्यंत बंद होतं. पाऊस होऊन गेला असेल आणि रेसट्रॅकचा तळ ओला असेल तर पाय ठेवूच नका, ठसे वर्षानुवर्षं राहतात. गाडी तर कोरड्यावरही न्यायची नाही. आणि बाबांना सांग, दगड हलताना दिसणार नाहीत, मागचा ओरखडा फक्त. 2013-14 च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांनी ते प्रत्यक्ष पाहिलं, तळावर उथळ पाणी साचून खिडकीच्या काचेएवढा पातळ बर्फ धरतो, उन्हाने तडकतो आणि हलक्या वाऱ्यानेसुद्धा ते तुकडे दगडांना ढकलत नेतात, मिनिटाला दोन ते पाच मीटर.

इर्व्हाइनकर:
बापरे, बरं झालं विचारलं. काका, पार्किंगमध्ये जाऊन बघितलं, आमची पण डोनटच! फर्नेस क्रीकला जीप भाड्याने मिळते, तीच घेतोय, मी आणि बाबा दोघंच जाऊ. आईची कंबर त्या पत्र्यावर नको, ती आणि मुलं हिच्यासोबत खालीच थांबतील. आईने फोटो बघून विचारलं, "एवढ्या दगडासाठी सहा तास?" बाबा गप्प. कुणाकडे पाण्याचे मोठे कॅन आहेत का, बुधवारपर्यंत?

टॉरन्सकर:
5 गॅलनचे दोन आहेत, घेऊन जा. आणि ते 2012 चं... मिसेसने जुना अल्बम काढला. किटल्यांचे अकरा फोटो आहेत, दगडाचा एकही नाही. तिथूनच परत फिरलो होतो म्हणते.