मदत हवी आहे: सगळे हप्ते मिळून एकच करायचाय, कोणती बँक देते? (परभणी)

जिंतूर रोड:
परभणीत नोकरी, हातात ३४ हजार येतात. तीन-चार ठिकाणचे हप्ते आहेत, तारखा वेगवेगळ्या. ५ ला पगार, ८ ला खातं रिकामं. एकच मोठं कर्ज काढून बाकीची बंद करायचीत. ५ लाखांपर्यंत कोणती बँक लवकर देते, कागद काय लागतात? 'खर्च कमी करा' सांगू नका, चहासुद्धा सोडलाय. लवकर सांगा, शनिवारी बँकेत जाणार आहे.

गोदाकाठ:
तीन की चार? कोणाचं किती, व्याज किती, सिबिल किती? आणि हा शनिवार दुसरा आहे, बँक बंद.

जिंतूर रोड:
बँकेचं पर्सनल लोन, हप्ता ९,२००. क्रेडिट कार्ड ८५ हजार, त्याची कमीत कमी रक्कम न चुकता भरतो. एका ॲपचे ३,६००. सिबिल बघितलं नाही. व्याज हप्त्यातच धरलेलं असतं ना?

वाळूज सेकंड शिफ्ट:
भाऊ, कार्डाची कमीत कमी रक्कम म्हणजे साधारण ५ टक्के, ४,२५०. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर तीन हजार व्याजातच गेले, वर त्यावर जीएसटी. मुद्दल हजारानंही हलत नाही. शिवाय बाकी असताना त्याच कार्डावर किराणा घेतला तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. कार्ड आधी कपाटात ठेवा. आणि सगळ्यात छोटं, म्हणजे ॲपचं, पहिलं संपवा. एक हप्ता बंद झाला की जीवात जीव येतो. माझं असंच सुटलं.

हिशोबी लातूरकर:
जीवात जीव आला म्हणून व्याज थांबतं का? ज्याचा दर जास्त ते आधी. बाकीच्यांचा ठरलेला हप्ता भरायचा, वरचा एकेक रुपया महागड्या कर्जात.

वाळूज सेकंड शिफ्ट:
एक्सेलमध्ये बरोबर आहे. तिसऱ्या महिन्यात कंटाळून सोडतात लोक.

बांधावरून:
कर्जमाफीचा फॉर्म भरला होता का? २०१७ ला दीड लाखापर्यंत होती, २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंत. आधार जोडलेलं नसलं की नाव यादीत येत नाही.

गोदाकाठ:
मामा, ते पीक कर्जाचं. क्रेडिट कार्ड कोण माफ करूलालंय?

बांधावरून:
नोकरदाराला शेती नसती का? सोयाबीनच्या भावाचा धागा काढला की कुणी फिरकत नाही, इथं मात्र गर्दी.

गोदाकाठ:
जिंतूर रोड, ९,२०० + ४,२५० + ३,६०० म्हणजे १७,०५०. निम्मा पगार उरतो की. ८ तारखेला खातं रिकामं कसं? काहीतरी लिहायचं राहिलंय.

जिंतूर रोड:
ते बाहेरचं आहे. गावातल्या एकाकडून २ लाख घेतलेत, शेकडा पाचनं. १० हजार नुसतं व्याज. बँक ते धरत नाही म्हणून लिहिलं नाही. तारण काही नाही, फक्त वडिलांची दीड एकर त्याच्या नावानं करून दिलीय, पैसे फिटले की फिरवून देणार.

हिशोबी लातूरकर:
वर्षाला ६० टक्के! आणि याला तारण काही नाही म्हणता? खरेदीखत झालंय की नुसता बॉण्ड? सातबारा कुणाच्या नावावर?

जिंतूर रोड:
खरेदीखत, रजिस्ट्री ऑफिसला. सातबारा काढला नाही. पण माझा प्रश्न बँकेचा होता.

सेलूची ताई:
घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवा, दर वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास असतो. २ लाखांवर महिन्याला सतराशे व्याज, आता दहा हजार देताय. चार तोळ्यांत भागेल.

जिंतूर रोड:
सोनं बायकोचं आहे. तिला त्या माणसाचं माहीत नाही.

सेलूची ताई:
सासऱ्यांनी खरेदीखतावर सही केली, म्हणजे त्यांना माहीत. वहिनीलाच नाही होय! आज रात्री सांगा.

कोर्टासमोर झेरॉक्स:
सोनं नंतर. आधी बघा, त्या माणसाकडं सावकारीचा परवाना आहे का? असला तरी शेकडा पाच घेता येत नाही. सरकारनं ठरवलेला दर शेतकऱ्याला तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. इतरांना १५ आणि १८. परवाना नसेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद. कागद खरेदीचा असला तरी जमीन सावकारीपोटी गेली हे चौकशीत सिद्ध झालं, आणि व्यवहार १५ वर्षांच्या आतला असला, तर जिल्हा उपनिबंधक (सहकारी संस्था) ती परत द्यायचा आदेश काढू शकतात. तालुक्याला सहाय्यक निबंधक बसतात.

वाळूज सेकंड शिफ्ट:
गावात राहायचंय त्यांना. अर्ज केला की दारात माणसं येतात. त्यापेक्षा मुद्दल देऊन मिटवा.

कोर्टासमोर झेरॉक्स:
मुद्दल देऊन त्यानं जमीन फिरवली नाही तर? बोलणी करा, पण कागद हातात ठेवून.

जिंतूर रोड:
सातबारा आत्ता ऑनलाइन बघितला. त्याचंच नाव लागलंय, फेरफारसुद्धा मंजूर. अर्ज मी करायचा की वडिलांनी?

कोर्टासमोर झेरॉक्स:
जमीन वडिलांची, अर्ज वडिलांचा. व्याज रोख देता की फोनवरून?

जिंतूर रोड:
फोनवरून. त्याच्या मुलाच्या नंबरवर.

कोर्टासमोर झेरॉक्स:
मग २ लाख घेतले त्या महिन्यापासूनचं बँक स्टेटमेंट काढा, शिक्का मारून घ्या. दर महिन्याचे ते दहा हजार त्यात दिसतील. खरेदीखताची नक्कल आणि फेरफार सोबत जोडा.