अनुभव धागा : समोर माणूस असताना खेळलेले गेम

गेम आपण सगळ्यांनीच खेळलेत. मारिओ, रोड रॅश, व्हाइस सिटीच्या आठवणी भरपूर निघाल्या आहेत आणि पुढेही निघतील. त्या इथे नकोत. इथे हवेत ते समोर जिवंत माणूस असतानाचे अनुभव: जिथे निकाल लागणार होता आणि हरलो तर रात्री छताकडे बघत पडावं लागणार होतं. व्हिडिओ गेम पार्लरमधला डाव असो, कॅफेत एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरवरची लॅन मॅच असो की मोबाइलवरची टूर्नामेंट.

निमित्त असं की ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम, हा सरकारदरबारी आता रीतसर खेळ झालाय. २०१८ च्या जकार्ता एशियाडला ई-स्पोर्ट्स नुसते प्रदर्शनीय होते. भूजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये ब्राँझ आणलं, पण ते पदकतक्त्यात धरलं गेलं नाही. २०२३ ला हांगझोऊमध्ये मात्र पदकं खरी होती. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. घरोघरी ही मान्यता पोचली आहे का, ते तुम्हीच सांगा. रमी आणि फँटसीवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

सोलापूर, आता हडपसर

आमच्याकडे टूर्नामेंट वगैरे शब्द नव्हता. व्हिडिओ गेमचं दुकान होतं, आत चार मशिनं, रुपयाला एक कॉइन आणि सगळी गर्दी एकाच मशिनवर: किंग ऑफ फायटर्स ९७, दोघांनी समोरासमोर मारामारी करायचा गेम. नियम एकच, हरेल तो उठेल. पुढचा नंबर लावायचा तर स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर आपला कॉइन ठेवायचा. पाच-सहा कॉइन ओळीने लागले की समजायचं, आज कुणीतरी बसलाय आणि उठत नाहीये.

यातली गंमत बघा. चांगलं खेळणाऱ्याला एका रुपयात संध्याकाळ मिळायची आणि शिकणाऱ्याला दीड मिनिट. गरीब पोरं भराभर तयार व्हायची ती त्यामुळेच. खिशात दोनच रुपये असले की हातातून फालतू बटण दाबलं जात नाही.

गेममधली तीन-तीन पात्रं निवडून टीम करायची. सगळ्यांना इओरी हवा. त्याचा मोठा वार म्हणजे स्टिक खालून पुढे, तिथून अर्धा गोल मागे आणि पंच. कागदावर सोपं. पण शेजारी खांद्याला खांदा लावून शत्रू बसलेला, मागून चारजण मानेवर श्वास टाकतायत आणि स्टिकचा बॉल ढिला, अशात तो निघायला महिने लागायचे. पकडून आपटणं म्हणजे थ्रो आमच्या दुकानात नामर्दपणा समजायचे. मशीन थ्रो करू देतं, दुकान नाही. यावरून झालेली भांडणं मालक मागचं बटण बंद करून मिटवायचा, दोघांचेही पैसे बुडायचे.

२०१९ मध्ये लाहोरच्या अर्सलान ॲशने अमेरिकेत इव्हो ही मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा टेकन या गेममध्ये जिंकली. आमच्याकडे माझ्यापेक्षा भारी पोरं आहेत, असंही तो म्हणाल्याचं वाचलं. मला जराही आश्चर्य वाटलं नाही. असली पोरं आम्हीही पाहिलीत. फरक इतकाच की आमच्या पोरांना दुकानाबाहेर कुणी ओळखत नव्हतं.

पुणे

काउंटर-स्ट्राइक १.६, पाच विरुद्ध पाच बंदुकांचा गेम. इंजिनिअरिंगला असताना कॉलेजजवळच्या कॅफेत रात्रीचा स्वस्त रेट असायचा, त्यावर आमची पाच जणांची टीम पोसली गेली. ज्यांनी हा गेम फक्त गोळीबार म्हणून पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो: अर्धा गेम हिशेबाचा आहे. पहिल्या राउंडला हातात गेममधले ८०० डॉलर, एक एडब्ल्यूपी (लांबून नेम धरायची बंदूक) ४७५० ला. लागोपाठ हरलात तर एक राउंड सगळ्यांनी मिळून उपाशी काढायचा, म्हणजे पिस्तुलावर खेळायचा, तेव्हा पुढच्या राउंडला पाचही जणांकडे बंदुका येतात. त्यात एकाने हौसेने काही विकत घेतलं की सगळ्यांचं गणित बोंबललं. टीम फुटतात त्या यावरून, नेम चुकल्यावरून नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलणं. ‘एक लाँग, एक कॅट, बाकीचे बी ला’ एवढंच, म्हणजे नकाशातल्या कुठल्या जागी शत्रूचे किती ते. मेलेल्याने गप्प बसायचं हा आमचा पहिला कायदा. मेलेला माणूस फार हुशार होतो आणि जिवंत असलेल्याला त्याच्या ज्ञानामुळे पावलांचे आवाज ऐकू येत नाहीत.

एका फेस्टच्या सेमीफायनलला समोर हैदराबादची टीम होती. दोन्ही टीम एकाच हॉलमध्ये, मध्ये फक्त मॉनिटरची रांग, म्हणजे ओरडलेलं सगळं पलीकडे जाणार. आम्ही ठरवलं, इंग्रजी-हिंदी बंद, शुद्ध मराठीत कॉल. ‘खिडकीत एक’, ‘मागच्या दाराने चला’, ‘खोक्यामागे बसलाय.’ पहिला हाफ मस्त गेला. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही जिथे जाऊ तिथे ते आधीच उभे. मॅच संपल्यावर हात मिळवताना त्यांचा एकजण म्हणाला, “खेळ भारी होता राव तुमचा. मी नांदेडचा.”

नाशिक

मी स्वतः खेळत नाही, पण माझा धाकटा बीजीएमआय (पबजीची भारतातली आवृत्ती, विमानातून उतरून शेवटपर्यंत तगायचा गेम) खेळतो आणि बघून बघून मला आता त्यातलं कळायला लागलंय, म्हणून लिहितेय. चालत नसेल तर सांगा.

दुपारी तीन ते सहा स्क्रिम्स. म्हणजे सराव सामने, पण थट्टेचे नाहीत. नीट खेळला नाहीत तर पुढच्या वेळी स्लॉट म्हणजे जागा मिळत नाही. त्या वेळात घरात कुणी वाय-फायवर सिनेमा लावायचा नाही. फोन तापतो म्हणून त्याच्या पाठीवर चिमुकला पंखा. अंगठ्यांना पातळ कापडी टोप्या, घामाने स्क्रीनवर बोट अडकू नये म्हणून. लाइट गेली तर राउटर चालू राहावा म्हणून इन्व्हर्टरची एक वेगळी वायर ओढून घेतली, तीही त्याने नाही, त्याच्या वडिलांनी. आधी सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता.

मला वाटायचं शेवटपर्यंत जगला तो जिंकला. तसं नसतं. सोळा टीम, चार-चार मुलं. पहिल्या नंबरला १० गुण, मग ६, ५, ४ असे उतरत जातात आणि प्रत्येक माणूस मारल्याचा १ गुण वेगळा. म्हणजे लपूनछपून पहिला आलेला १० वर राहतो आणि तिसरा येऊन नऊ जणांना मारणारा १४ वर जातो. हे कळल्यावर बघण्यात जीव लागायला लागला.

त्यात ‘क्लॅश’ नावाचा प्रकार आहे. दोन टीमनी विमानातून उतरायला एकच गाव धरलं की पहिल्या दोन मिनिटांतच भांडण. दोन्ही टीमना माहीत असतं की यात दोघांचं वाटोळं होणार आणि तिसराच वर जाणार. तरी माघार कुणी घेत नाही, कारण एकदा गाव सोडलं की कायमचं गेलं. मी त्याला म्हटलं, “अरे, शेजारच्या गावात उतर ना.” तर म्हणतो, “आई, तू आमची आयजीएल होऊ नकोस.” आयजीएल म्हणजे टीमला हुकूम देणारा कप्तान. बांधावरून कोर्टात गेलेली आमच्याकडची माणसं आठवली, मी गप्प बसले.

२८ जुलै २०२२ ला गेम स्टोअरवरून अचानक काढला गेला. त्याआधी २०२० मध्ये पबजीवर बंदी आली होती तेव्हा तो लहान होता, रडून मोकळा झाला. या वेळी रडला नाही, तेच वाईट होतं. टीममधल्या दोघांनी सोडून दिलं, एक कॉल सेंटरला लागला. २०२३ च्या मे महिन्यात गेम परत आला, टीम परत आली नाही. क्रिकेटची अकादमी बंद पडली तर पोरगं दुसऱ्या मैदानावर जातं. इथे मैदानच एका कंपनीच्या मालकीचं आणि परवानगी सरकारची. कुणाही पालकाला माझं एवढंच सांगणं आहे की पोराला खेळू द्यायचं की नाही हे ठरवताना हा मुद्दा आधी धरा, डोळ्यांचा नंबर नंतर.

लातूर

वरच्या काकूंना दंडवत. आमच्या घरी राउटर सोडा, खोलीत रेंज नाही. गच्चीवरच्या टाकीजवळ बसून खेळायचो. शेवटचं सर्कल, म्हणजे खेळायची जागा आकसत आकसत उरलेला शेवटचा तुकडा, आम्ही दोघं जिवंत, समोरचे दोघं, आणि मामाचा फोन. फोन आला की गेम मागे जातो, हे आपल्याकडच्या मामांना कोण सांगणार? कट केला. मामाने परत लावला.

ठाणे

व्हॅलोरंट, हाही पाच विरुद्ध पाच बंदुकांचा गेम. माझा अनुभव दोन भागांत आहे, माइक बंद असतानाचा आणि माइक चालू केल्यानंतरचा.

माइक बंद असला की मी एक खेळाडू असते. चालू केला की पहिलं वाक्य ठरलेलं, “अरे, मुलगी है.” दुसरं, “तू सेज ले ले.” सेज म्हणजे बाकीच्यांना बरं करणारी. पुढची वाक्यं इथे लिहिण्यासारखी नाहीत. माइक बंद ठेवून रँक चढता येतो का? थोडा. वर गेल्यावर न बोलता खेळणं म्हणजे चार जणांनी पाच जणांशी खेळणं. म्हणजे मुलींना एकतर शिव्या ऐकत चांगलं खेळायचंय किंवा शांतपणे वाईट. बाकीच्यांना ही निवड करावी लागत नाही. मग ‘मुलींच्या वेगळ्या स्पर्धा कशाला, माउस तर सगळ्यांना सारखाच’ असं कुणी म्हटलं की मी उत्तर देत बसत नाही. मुलींच्या टीमकडून गेम चेंजर्स या मुलींच्या स्पर्धेच्या पात्रता फेऱ्या खेळले तेव्हा पहिल्यांदा पूर्ण मॅच नुसता गेमचा विचार केला.

त्यातलाच एक राउंड. मी एकटी, समोर तिघी, स्पाइक म्हणजे बॉम्ब लागलेला. निकामी करायला सात सेकंद लागतात, पण साडेतीन सेकंद धरून ठेवलं तर अर्धं काम जमा राहतं. मी नुसतं टेकवलं आणि लगेच सोडलं. तो आवाज ऐकून पहिली बाहेर आली, गेली. परत टेकवलं, दुसरी थांबली, आली नाही. मग खरंच धरलं, अर्ध्यापर्यंत. तिला वाटलं याही वेळी मी फसवतेय. अर्धं झाल्यावर उठून वळले तेव्हा ती कोपऱ्यावरून नुकती डोकावत होती. तिसरी लांब होती, तिला पोचायला वेळच नव्हता. कानात चारही जणी श्वास रोखून होत्या, एकही शब्द नाही. पुण्याच्या दादांनी लिहिलेला मेलेल्यांचा कायदा आमच्याकडेही आहे.

मॅच हरलो, तो भाग वेगळा.

श्टुटगार्ट, मूळचा चिपळूण

एज ऑफ एम्पायर्स २, गाव वसवून सैन्य उभारून लढायचा गेम. वय सांगत नाही, पण गेम १९९९ चा आहे आणि मी तेव्हा कॉलेजात होतो.

वर्षानुवर्षं मी तो भिंती बांधून, किल्ले उभारून, निवांत खेळलो. २०१९ ला नवी आवृत्ती आल्यावर रँक लावून खेळायला लागलो आणि कळलं की आपल्याला हा गेम येतच नाही. एक गावकरी तयार व्हायला २५ सेकंद आणि ५० फूड लागतं. चांगला खेळाडू टाउन सेंटर, म्हणजे गावकरी तयार होतात ती इमारत, एक क्षणही रिकामं ठेवत नाही. माझं कायम रिकामं, कारण मी घरं कुठे शोभतील ते बघत असायचो. रानडुकराला बाण मारून गावाकडे पळत आणायचं, तो पोचेपर्यंत बाकीच्यांना मेंढीवरून उठवायचं, तेवढ्यात लाकूडतोडे आणि शत्रूचा घोडेस्वार. पहिल्या दहा मिनिटांत लढाई फारशी नसते, बहुतेक संसारच असतो. आणि निकाल बहुतेक वेळा तिथेच लागलेला असतो.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये या गेमची मोठी स्पर्धा चक्क हायडेलबर्गच्या किल्ल्यात भरली होती. इथून गाडीने दीड तासाच्या आत. बायकोला किल्ला बघायला जाऊ म्हणून नेलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

कोल्हापूर

मी खेळवणारा. गावात छोट्या मोबाइल टूर्नामेंट घेतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

रूम आयडी आणि पासवर्ड मॅचच्या दहा मिनिटं आधीच द्यायचा, नाहीतर भलतीच माणसं आत शिरून स्लॉट अडवतात. रोस्टरमधलं म्हणजे टीमच्या यादीतलं नाव एकाचं आणि खेळतोय त्याचा दादा, हे तर नेहमीचं. ऑनलाइन फेरीत हात दिसेल असा दुसरा कॅमेरा लावायला सांगतो, तर म्हणतात, “सर, घरात दुसरा फोन कुठनं आणू?” त्यांचंही खरं हाय. म्हणून फायनल आम्ही हॉलवर घेतो, समोरासमोर. हॉलवर आल्यावर काहींचा नेम एकदम बिघडतो. त्याचं कारण विचारायचं नसतं.

पण समोरासमोर म्हणजे सगळं सुरक्षित असंही नाही. २०१८ ला शांघायमध्ये काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धेत भर मॅचमध्ये ऑप्टिक इंडिया या टीमच्या खेळाडूच्या कॉम्प्युटरवर नेम लावून देणारा प्रोग्रॅम सापडला, फाइलला नाव दिलेलं वर्ड.ईएक्सई. टीम तिथल्या तिथे बाद. त्या टीममधल्या बाकीच्या चौघांचा काय दोष होता? त्यानंतर कितीतरी दिवस कुठल्याही भारतीय पोराने बाहेर चार चांगले शॉट मारले की समोरचे चॅटवर ‘वर्ड’ लिहायचे.

आणि एक. बक्षिसाचे पैसे त्याच दिवशी, हॉलवरच द्या. कॉलेजात असताना आम्ही एक स्पर्धा जिंकलो होतो, तिचे पैसे अजून यायचे आहेत.

मुंबई

मी डोटा २ वाला, पाच-पाच जणांच्या टीमच्या लढाईचा गेम. एप्रिल २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये त्याची ईएसएल वन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा तिन्ही दिवस गेलो होतो. जे खेळाडू रात्री जागून स्ट्रीमवर बघितले ते दहा फुटांवर काचेच्या खोलीत. मी ज्या गेमबद्दल कुणाशी बोलू शकत नव्हतो त्याच्या एका ब्लिंकवर, म्हणजे क्षणात मारलेल्या उडीवर, हजारो माणसं उभी राहून ओरडत होती. बाकी माझी स्वतःची रँक विचारू नका.

पिंपरी

वाचून हात शिवशिवले. आम्ही चौघं जुने १.६ वाले, आता सीएस२ म्हणजे काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. मुंबई सर्व्हर, रात्री साडेदहानंतर, मुलं झोपली की. पाचवा गडी बंगलोरला बदली होऊन गेला आणि त्याच्या नव्या घरी अजून नेट लागलेलं नाही. रँकची अट नाही. एडब्ल्यूपी मागायची नाही, ती आमच्यातला एकजण कुणाला देत नाही. इच्छुकांनी शनिवारच्या आत कळवा.