सिव्हिलायझेशन ६ : पोर्तुगालकडून खेळताना पहिला सेटलर केव्हा आणि कोठे?

आग्वादचा दिवा (पणजी)

नमस्कार. आम्ही काही पणजीकर मित्र आठवड्याच्या शेवटी ‘सिव्हिलायझेशन ६’ हा साम्राज्य उभारण्याचा संगणकीय खेळ एकत्र खेळतो आणि या वेळी माझ्या वाट्याला राजा तिसरा जुआंव, म्हणजे पोर्तुगाल, आला आहे. ‘गॅदरिंग स्टॉर्म’ ही विस्तारित आवृत्ती चालू आहे आणि वेग स्टँडर्ड आहे. राजधानी नदीकाठी, परंतु समुद्रापासून आत वसली आहे. पोर्तुगालचे परदेशी व्यापारमार्ग केवळ किनाऱ्यावरील किंवा हार्बर (बंदर) असलेल्या शहरांपर्यंतच जातात, त्यामुळे सुरुवातीची सर्व शहरे किनाऱ्यावरच वसवावीत की काय, असा प्रश्न मला पडला आहे. शिवाय पहिले उत्पादन स्काउटचे (टेहळ्याचे) घ्यावे की थेट सेटलरचे (नवे शहर वसवणाऱ्या युनिटाचे), याविषयी आमच्यात एकमत नाही. अनुभवी खेळाडूंनी कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कुळागर (फोंडा)

आपण सांगितलेली अट व्यापारी ज्या शहराकडे जातो त्या शहराला लागू आहे. तो जेथून निघतो त्या शहराला नाही. त्यामुळे केवळ व्यापारासाठी किनाऱ्याला चिकटून राहण्याचे कारण उरत नाही आणि आतली सुपीक जमीन शेजाऱ्याला सोडून देण्याचे तर मुळीच नाही.

सेटलर तयार करण्यासाठी शहराची लोकसंख्या किमान 2 असावी लागते आणि तो तयार होताच त्यातील एक कमी होते. पहिल्या सेटलरला 80 उत्पादन लागते व पुढचा प्रत्येक सेटलर अधिक महाग होत जातो. राजधानीची लोकसंख्या 1 असेपर्यंत तो घेताच येत नसल्यामुळे तेवढ्या काळात 30 उत्पादनाचा स्काउट काढणे स्वाभाविकच ठरते. पोर्तुगालच्या बाबतीत तर मी दोन स्काउटांचा आग्रह धरीन, कारण नवी संस्कृती भेटली की जुआंवला एका व्यापारमार्गाची वाढीव क्षमता मिळते आणि त्याच्या सर्व युनिटांना एक घर (नकाशावरील एक षटकोनी चौकट) अधिक दूरचे दिसते. इतर राजांसाठी टेहळणी ही जमीन शोधण्याची सोय असते. जुआंवसाठी मात्र ती थेट भांडवल आहे.

दुसरे शहर मात्र किनाऱ्यावरच, आणि शक्य असल्यास नदीच्या मुखाशी वसवावे. गोड्या पाण्याजवळच्या शहराला 5 इतकी निवासक्षमता (लोकसंख्या वाढण्यास जागा) मिळते, नुसत्या समुद्रकाठी 3 आणि पाणीच नसेल तर 2. नदीमुखाशी गोड्या पाण्याचा पूर्ण लाभ होतो, शिवाय जहाजांना वाटही मिळते. गोव्याच्या कदंबांनी कुशावतीकाठचे चंद्रपूर सोडून जुवारीकाठच्या गोपकपट्टणाला राजधानी हलवली, त्यामागचा व्यापारी विचार या खेळातही तंतोतंत लागू पडतो. किनाऱ्यावर शहर वसवताच सेलिंगचा (नौकानयनाचा) युरेका, म्हणजे संशोधनातील सवलत, मिळून त्या संशोधनाचा 40 टक्के भार हलका होतो आणि गॅली (सुरुवातीचे जहाज) लवकर समुद्रात उतरते. ती गॅली पलीकडच्या संस्कृतींना भेटली की पुन्हा व्यापारक्षमता वाढते. म्हणून या एका शहराला मी इतके महत्त्व देतो.

वाळपईकर

वरील विवेचन उत्तम आहे, पण दुसऱ्या स्काउटशी मी सहमत नाही. बार्बेरियनांच्या (कोणत्याही संस्कृतीत नसलेल्या लुटारू टोळ्यांच्या) स्काउटने आपले शहर पाहिले की त्याच्या डोक्यावर लाल उद्गारचिन्ह दिसते आणि तो तळावर परतला की धाडी सुरू होतात. त्याला वाटेतच संपवायचे असेल तर स्काउटनंतर लगेच स्लिंगर (गोफणधारी) हवा. स्लिंगरने एक युनिट मारले की आर्चरीचा (धनुर्विद्येचा) युरेकाही पदरात पडतो. सेटलरला तर कधीही एकटा पाठवू नये, कारण बार्बेरियन त्याला पकडून तळावर नेतात आणि 80 उत्पादन व एक नागरिक एकाच टर्नमध्ये (खेळीत) हातचे जातात. माझा क्रम स्काउट, स्लिंगर, सेटलर असा आहे. वॉरिअरने (योद्ध्याने) सेटलरच्या एक टर्न पुढे चालावे.

आग्वादचा दिवा (पणजी)

दोघांचेही आभार. अटीबद्दलचा उलगडा फार मोलाचा ठरला. आता आणखी एक शंका : पूर्वेकडे शेजाऱ्याची राजधानी माझ्या राजधानीपासून बऱ्यापैकी जवळ आहे. मधली दरी जंगलाने भरलेली आहे. तिसरे शहर तेथे लवकर वसवावे, की निष्ठेच्या दबावामुळे, म्हणजे शेजारच्या शहरांच्या ओढीने फितूर होऊन, ते हातचे जाईल?

कुळागर (फोंडा)

ती दरी अवश्य घ्यावी, मात्र शेजाऱ्याच्या उंबरठ्याशी जाऊन बसू नये. निष्ठेचा दबाव 9 घरांच्या आतील शहरांच्या लोकसंख्येवरून ठरतो आणि अंतर वाढेल तसा घरागणिक 10 टक्क्यांनी कमी होतो. त्यामुळे नवे शहर आपल्या राजधानीला अधिक जवळ असेल आणि राजधानीची लोकसंख्या शेजाऱ्याच्या तोडीची असेल, तर भीतीचे कारण नाही. दोन शहरांमध्ये किमान 3 घरे मोकळी सोडावीच लागतात, याचा विचार करून जागा आधीच हेरून ठेवावी. मागची सुरक्षित जमीन, जिथे कोणीही येणार नाही, ती शेवटी भरली तरी चालते.

एकूण लोकसंख्या 6 झाली की अर्ली एम्पायर या नागरी टप्प्याची प्रेरणा (युरेकासारखी सवलत) मिळते. त्या टप्प्यातून येणारे कॉलनायझेशनचे धोरण-कार्ड सेटलरच्या उत्पादनात 50 टक्के वाढ करते, म्हणून तिसरा-चौथा सेटलर त्या कार्डानंतर काढणे परवडते. मायनिंगचे (खाणकामाचे) संशोधन झाल्यावर राजधानीजवळचे जंगल तोडून येणारे उत्पादन याच काळात सेटलरकडे वळवावे. दरीतल्या शहरात एखादा गव्हर्नर (प्रशासक) नेमल्यास निष्ठेत दर टर्नला 8 ची भर पडते, त्यामुळे शेजारी बलवान निघाला तरी ते शहर टिकते. तेथून पहिला व्यापारी राजधानीकडे पाठवावा. अन्न व उत्पादन तर मिळतेच, शिवाय व्यापाऱ्याच्या पावलांबरोबर रस्ताही तयार होतो आणि पुढे सैन्य त्याच रस्त्याने वेळेवर पोहोचते.