मदत हवी आहे: सांडपाणी-सर्वेक्षणासाठी आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अर्ज

आमची पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरची लहानशी ट्रस्ट. २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हापासून डोक्यात आहे की इथल्या विहिरी आणि नाल्यांचे नमुने वर्षभर, दर आठवड्याला तपासायचे. जीबीएसशी संबंध जोडले गेलेले दोनच जंतू शोधायचे: कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू, एवढंच. यादी लांबवली की बजेट फुगतं आणि समिती पहिली कात्री तिथेच लावते.

ट्रस्टची नोंदणी, दर्पण क्रमांक (स्वयंसेवी संस्थांच्या शासकीय पोर्टलवरचा), तीन वर्षांचे ऑडिट अहवाल तयार आहेत. डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) मान्यता मात्र नाही, त्यामुळे मुख्य संशोधक आम्ही होऊ शकत नाही असं धरून चाललोय. एका शासकीय महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम मुख्य संशोधक व्हायला तयार आहेत. आरटी-पीसीआर (जंतू ओळखणारी चाचणी) आणि नैतिक समिती त्यांच्याकडे आहे. नमुने गोळा करणं, शीतपेटीतून त्याच दिवशी पोचवणं आमच्याकडे.

अडलंय ते परवानगीवर. नमुन्यांच्या जागा ज्यांच्या ताब्यात, ते म्हणतात आधी निधी मंजुरीचं पत्र आणा. मॅडमना परवानगीचं पत्र अर्जासोबतच जोडायचंय. आधी कोंबडी की आधी अंडं! सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक निधी) सुचवू नका. आमचे आकडे शासनाच्या आयएचआयपीवरच्या (रोगांची नोंद ठेवणारं ऑनलाइन पोर्टल) आकड्यांशी ताडून बघायचे आहेत, म्हणून शासकीय निधीच हवाय.

ज्यांनी असा अर्ज प्रत्यक्ष केलाय त्यांनी सांगा: ‘निधी मिळाल्यास तत्त्वतः परवानगी’ एवढं पत्र छाननीत चालतं का? आणि सहसंशोधक संस्थेच्या नमुना-संकलकांचं मानधन थेट आमच्या खात्यात येतं की महाविद्यालयामार्फत?